उंबऱ्यावरच काम फत्ते!

आषाढातल्या एखाद्या रात्री मत्स्यबीज केंद्रावर जायची संधी मिळाली तर सोडू नका. कामगार टाकीतून रोहूची पोटुशी मादी अलगद जाळीत घेतात, ओल्या फडक्यात धरून तिचं वजन करतात आणि शेपटीच्या बुडाशी, खवल्याखाली तिरकी सुई घालतात. मग तिला नरांसोबत गोल टाकीत सोडतात. या टाक्यांना सगळे ‘चायनीज हॅचरी’च म्हणतात. पाण्याची धार फिरू लागते, वरून पाऊस पडल्यासारखा फवारा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत टाकी साबुदाण्यासारख्या पारदर्शक अंड्यांनी भरून जाते.

या एका रात्रीत जीवशास्त्रातली एक भन्नाट गोष्ट घडते. तिचा माग काढत निघालं की औंढा तालुक्यातल्या सिद्धेश्वर धरणापासून वसमतच्या हळदीपर्यंत आणि बाळंतिणीच्या खोलीपासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत फिरणं होतं. चला तर.

रोहूला पूर हवा असतो

रोहू, कटला आणि मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, जाड होतात, त्यांच्या पोटात अंडीही भरतात, पण साठलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. त्यांना पावसाळ्यातल्या वाहत्या नदीचं, पुराचं पाणी लागतं. म्हणून तर धरणांत आणि गावतळ्यांत दरवर्षी बाहेरून मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करायचे आणि त्यात नको ते मासेही मिसळून यायचे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना तळ्यातच अंडी घालायला लावलं. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणानं. धरणाकाठच्या भोई कुटुंबांच्या जाळ्यात आज जे मासे येतात, त्यांच्यामागे त्या सुईचं मोठं ऋण आहे.

आता खरी गंमत. सुईतलं औषध अंड्याला हातसुद्धा लावत नाही. औषधाच्या सांगण्यावरून बीजकोश जागा होतो आणि अंड्याभोवतीच्या पेशी एक स्टेरॉइड बनवतात. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचाच हा भाऊबंद. जपानच्या योशिताका नागाहामा आणि अदाची यांनी १९८५ मध्ये अमागो सामन माशात तो ओळखला. या पठ्ठ्याला अंड्याच्या आत शिरावंच लागत नाही. बाहेरच्या पटलावर येतो, तिथल्या ग्राहीला, म्हणजे निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो आणि आत निरोप जातो: तयार व्हा. अंड्याचं केंद्रक मधली जागा सोडून कडेला सरकतं, त्याचं आवरण विरघळतं आणि अंडं फलनासाठी सज्ज होतं. काही केंद्रांवर नळीनं चार-दोन अंडी काढून, ती पारदर्शक करणाऱ्या द्रावणात टाकून केंद्रक कुठवर सरकलं हे बघतात आणि मगच सुई द्यायची की थांबायचं ते ठरवतात.

तो ग्राही नेमका कोणता, हे कोडं टेक्सासच्या पीटर थॉमस यांच्या गटानं २००३ मध्ये सोडवलं, तेही एका समुद्री माशाच्या बीजकोशातून. नंतर तशाच ग्राहींचं कुटुंब माणसातही सापडलं.

शाळेत शिकवलं ते अर्धंच

दहावी-बारावीच्या पुस्तकात स्टेरॉइड संप्रेरकाचा धडा ठरलेला असतो. स्टेरॉइड हा स्निग्ध पदार्थ. त्यामुळे तो पेशीपटलातून न विचारता आत जातो, थेट माजघरात, म्हणजे केंद्रकात पोचतो, तिथली जनुकांची पोथी उघडतो, हवं ते पान उतरवून घेतो आणि त्यावरून नवीन प्रथिनं तयार होतात. हे अगदी खरं आहे. फक्त याला वेळ लागतो. अर्धा तास, काही तास, कधी दोन-तीन दिवस.

दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या तर सरकारी दवाखान्यात आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, बारा-बारा तासांनी चार. बाळाची फुप्फुसं आतून चिकटू नयेत म्हणून जो स्निग्ध पदार्थ लागतो, तो बनायला लावायचं असतं. पोथी उघडणार, नक्कल होणार, माल तयार होणार. म्हणून अशा वेळी घरी वाट बघत बसायचं नसतं. पहिलं इंजेक्शन जितकं लवकर पडेल तितकं बाळाच्या हाती जास्त तास लागतात.

पण प्रत्येक काम पोथी उघडून होत नाही. शेजारीण उंबऱ्यावरूनच हाक मारते, ‘अगं, दूध उतू चाललंय!’ आणि आतली बाई धावते. स्टेरॉइडसुद्धा अशी हाक मारतं. पेशीपटलावरच्या ग्राहीला धरतं आणि सेकंदांत, फार तर मिनिटांत कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, आतले निरोपे धावू लागतात. जनुकांना पत्ताही नसतो. वैज्ञानिक याला जनुकनिरपेक्ष क्रिया म्हणतात. मी तरी ‘उंबऱ्यावरचं काम’च म्हणणार.

पंधरा सेकंद आणि नायलॉनचा धागा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत क्लारा सेगो नावाच्या शास्त्रज्ञ होत्या. १९६७ मध्ये त्यांनी आणि जून डेव्हिस यांनी उंदराच्या गर्भाशयात मोजमाप केलं. इस्ट्रोजेन हे स्टेरॉइड दिल्यावर पंधरा सेकंदांत पेशींमधला चक्रीय एएमपी हा निरोप्या वाढलेला दिसला. पंधरा सेकंद! एवढ्या वेळात जनुकाची नक्कल सुरूसुद्धा होत नाही. त्या काळी इस्ट्रोजेनचा ग्राही पेशीच्या आतच असतो यावर सगळ्यांची श्रद्धा इतकी पक्की होती की या पंधरा सेकंदांचं काय करायचं हे बऱ्याच जणांना कळेना.

सेगोबाई मागे हटल्या नाहीत. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांनी आणि रिचर्ड पीट्रास यांनी इतका सुंदर प्रयोग केला की वाचताना अजून अंगावर काटा येतो. त्यांनी इस्ट्रोजेन नायलॉनच्या धाग्याला रासायनिक गाठीनं बांधून टाकलं. आता ते पेशीच्या आत जाणार कसं? मग गर्भाशयाच्या अस्तरातल्या सुट्या पेशी त्या धाग्यांवर सोडल्या. पेशी येऊन धाग्याला चिकटल्या. म्हणजे ग्राही बाहेरच्या अंगाला होता. मला विचाराल तर या विषयातला हा सगळ्यात देखणा पुरावा.

पुढे कळलं की हा बाहेरचा ग्राही पुष्कळदा दुसरा-तिसरा कुणी नसून केंद्रकातलाच असतो. त्यातल्या थोड्या रेणूंना पेशी पाल्मिटिक आम्लाची शेपटी लावते. तेच आम्ल जे पामतेलात भरपूर असतं. या तेलकट शेपटीमुळे तो पटलात रुतून बसतो. एकच माणूस, घरात असला की हिशोब लिहितो आणि ओट्यावर बसला की येणाऱ्या-जाणाऱ्याची कामं जागच्या जागी मार्गी लावतो.

बेडकाचं अंडं: आत टोचलं तर गप्प, बाहेर लावलं तर जागं

पहिल्या पावसानंतर रात्रभर डरांव डरांव चालू असतं, तेव्हा बेडकीच्या पोटातही माशासारखाच खेळ चाललेला असतो. बेडकाच्या अंड्यावर बाहेरून प्रोजेस्टेरॉन सोडलं की ते पक्व होतं. १९७१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी तेच प्रोजेस्टेरॉन बारीक सुईनं अंड्याच्या आत टोचून पाहिलं. काहीच झालं नाही. माल तोच, पण आत पोचवला तर वाया.

त्याच वर्षी योशिओ मासुई आणि क्लेमंट मार्कर्ट यांनी आणखी एक धाडस केलं. अंड्याचं केंद्रकच काढून टाकलं आणि मग बाहेरून प्रोजेस्टेरॉन लावलं. पक्वतेचा निरोप अंड्याच्या रसात तरीही तयार झाला. माजघर पाडलं, पोथी नेली, आणि उंबऱ्यावरची हाक तरीही घरभर ऐकू गेली.

ज्यांच्याकडे पोथीच नाही

आपल्या लाल रक्तपेशींना केंद्रक नसतं. कुत्र्याच्याही नसतं. १९६४ मध्ये स्पाक आणि स्ट्रीटन यांनी कुत्र्याच्या लाल पेशी काचेच्या नळीत घेतल्या आणि त्यांना अल्डोस्टेरॉन दिलं. मीठ-पाण्याचा हिशोब सांभाळणारं हे स्टेरॉइड. पेशींच्या आत-बाहेर होणारी सोडियमची ये-जा मंदावली. केंद्रक नाही, जनुकं नाहीत, तरी संप्रेरकाचं ऐकलं.

शुक्राणूची गोष्ट तर याहून रंजक. त्याच्याकडे जनुकं असतात, पण इतकी गच्च गुंडाळलेली की वाचता येत नाहीत. प्रवासाला निघालेल्या माणसानं पोथी फडक्यात बांधून, वर सुतळी आवळून घ्यावी तशी. मग त्याला वाटेत सूचना कोण देणार? बीजांडाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात. ते शुक्राणूच्या शेपटीला भिडतं, कॅल्शियमची दारं सताड उघडतात आणि शेपटी चाबकासारखी फटकारे मारू लागते. काही सेकंदांचं काम. २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवून दिलं की ही दारं म्हणजे ‘कॅटस्पर’ नावाची वाहिनी, आणि २०१६ मध्ये पोलिना लिश्को यांच्या गटानं ते दार उघडणारा द्वारपाल शोधला. प्रोजेस्टेरॉन येतं, द्वारपाल दाराला लावलेली खीळ काढतो.

यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत चंदर पुरी यांच्या गटानं मानवी शुक्राणूवरच्या प्रोजेस्टेरॉन ग्राहीचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २००२ मध्ये त्यांनी या ग्राहीकडे शुक्राणूच्या कार्यक्षमतेची खूण म्हणून पाहिलं. ज्यांच्या वीर्यात दोष होता अशा पुरुषांत ग्राही असलेल्या शुक्राणूंचं प्रमाण कमी आढळलं. मूल होत नाही म्हणून गावोगाव सुनेलाच नवस, उपास आणि दवाखान्याच्या चकरा मारायला लावणाऱ्या घरांनी हे एकदा शांतपणे वाचावं. तपासणी दोघांची व्हायला हवी, आणि पुरुषाची तपासणी तर किती सोपी असते.

झोपलेले उंदीर आणि बाळंतिणीचं रडू

१९४१. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांना स्टेरॉइडं टोचत होते. ताणतणावाला ‘स्ट्रेस’ हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर गेला, तेच हे सेल्ये. प्रोजेस्टेरॉन टोचल्यावर काही मिनिटांत उंदीर गाढ झोपले, भूल दिल्यासारखे. जाग आल्यावर पुन्हा नेहमीसारखे हुंदडू लागले. मिनिटांत येणारी आणि थोड्या वेळात उतरणारी झोप पोथी वाचून येत नाही, हे आज आपण ओळखतो. त्या वेळी फारसं कुणी थबकलं नाही.

उत्तर १९८६ मध्ये मिळालं. मेंदूतल्या पेशींच्या पटलावर गाबा नावाच्या निरोप्याचा ग्राही असतो. तो चेतापेशींना शांत करतो, झोपेच्या गोळ्याही त्याच्याच दारात जातात. मायेव्स्का आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात बनणारं ॲलोप्रेग्नॅनोलोन हे स्टेरॉइड याच ग्राहीला बळ देतं. असं काही मेंदू स्वतःही बनवतो. अशा पदार्थांना फ्रान्सच्या एतियेन-एमिल बोल्यू यांनी ‘न्यूरोस्टेरॉइड’ हे नाव दिलं.

गरोदरपणात हे शांतवणारं स्टेरॉइड आईच्या रक्तात खूप चढतं. बाळंतपण झालं, वार पडली की ते धाडकन उतरतं. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी असते, ओव्याची धुरी असते, डिंकाचे आणि हाळिवाचे लाडू असतात. आणि तरीही कधीकधी ती पोर भिंतीकडे तोंड करून रडत राहते, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नाही, झोप येत नाही. लगेच कुणीतरी म्हणतं, नजर लागली. कुणी म्हणतं, बाहेरचं काहीतरी आहे. कुणी तर तोंडावर सुनावतं, एवढं सोन्यासारखं लेकरू झालं आणि हिला कसलं रडू येतंय?

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत ब्रेक्सॅनोलोन हे औषध मंजूर झालं, खास बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी. हे औषध म्हणजेच ॲलोप्रेग्नॅनोलोन, शिरेतून ६० तास थेंबथेंब द्यायचं. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला आठवडे लागतात, इथे अडीच दिवसांत फरक दिसला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्याच जातीची १४ दिवस घ्यायची गोळी आली. सगळ्याच बाळंतिणींच्या दुःखाचं मूळ या एका रेणूत नसतं, पण त्या रडण्यामागे मेंदूतल्या पेशींच्या दारावर घडणारी खरीखुरी गोष्ट असू शकते एवढं तरी घरातल्यांना पटायला हरकत नाही. आठवडा-दोन आठवडे उलटूनही उदासी हटली नाही, तर आशाताईंना सांगा, दवाखाना गाठा. अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरलाही दाखवाच.

धावत्या गाडीतून

स्टेरॉइडांची अशीच आणखी काही झटपट कामं भरभर पाहू. ओरेगॉनमध्ये पाण्यात राहणारा, पालीसारखा दिसणारा एक उभयचर आहे. जोडी जमवताना नर मादीला तासन्‌तास घट्ट कवटाळून बसतो. त्याला ताण दिला किंवा ताणाचं स्टेरॉइड टोचलं की दहा मिनिटांच्या आत ही मिठी सुटते, किंवा तो मिठी मारतच नाही. १९९१ मध्ये त्याच्या मेंदूतल्या पेशींच्या पटलावर या स्टेरॉइडची हक्काची बैठक सापडली. संकट आलं की प्रेम बाजूला, आणि हा निर्णय दहा मिनिटांत!

झेब्रा फिंच हा चिमुकला गाणारा पक्षी. जोडीदाराशी भेट झाली, गाणं कानी पडलं की त्याच्या मेंदूच्या ऐकण्याच्या भागात इस्ट्रोजेन अर्ध्या तासात वाढतं. हे इस्ट्रोजेन बीजकोशातून येत नाही. मेंदू ते जागेवरच बनवतो.

‘ड’ जीवनसत्त्वाला आपण जीवनसत्त्व म्हणतो, पण शरीरात त्याचं जे रूप कामाला येतं ते स्टेरॉइडचं सख्खं भावंड. ॲन्थनी नॉर्मन आणि इलका नेमेरे यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या आतड्यात ते सोडलं, तेव्हा कॅल्शियम पंधरा मिनिटांच्या आत झपाट्यानं शोषलं जाऊ लागलं. हे जीवनसत्त्व बनवायला लागणारं ऊन मराठवाड्यात आपल्याला फुकट मिळतं, तरी दिवसभर घरात आणि डोक्यापासून पायापर्यंत पदरात असलेल्या कितीतरी बायकांच्या हाडांपर्यंत ते पोचत नाही.

सोयाबीनच्या मळणीचा धुरळा उडायला लागला की दम्याचे पंप बाहेर येतात. पंपातल्या स्टेरॉइडचं मोठं काम, म्हणजे श्वासनळीची सूज उतरवणं, दिवसांचं असतं. म्हणून बरं वाटलं की रोजचा पंप बंद करू नका. पण श्वासनळीच्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या मात्र अर्ध्या तासात आकसतात. हे उंबऱ्यावरचं काम. आणि एक महत्त्वाचं: मधमाशीच्या डंखानं किंवा औषधाच्या ॲलर्जीनं माणूस कोसळला, घसा सुजला, तर जीव वाचवतं ते ॲड्रेनालिन. स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याच्या मागून.

आता हळदीच्या वाफ्यात

पूर्णा प्रकल्पाचं पाणी सिद्धेश्वरवरून कालव्यानं वसमतकडे जातं आणि तिथे हळद उभी राहते. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आधी एक गैरसमज काढून टाकू. हळदीतलं कर्क्युमिन स्टेरॉइड नाही. पण हळदीच्या झाडात स्टेरॉइड संप्रेरकं जरूर असतात, सोयाबीनमध्ये असतात, कापसात असतात. त्यांना ब्रासिनोस्टेरॉइड म्हणतात.

हे नाव मोहरीच्या कुळावरून पडलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांनी गोळा केलेले मोहरीवर्गातल्या रेप या पिकाचे परागकण जमवले, तब्बल २२७ किलो. त्यातून गाळत गाळत हाती आलं ४ मिलिग्रॅम ब्रासिनोलाइड. चिमटीतसुद्धा धरता येणार नाही इतकं. १९७९ मध्ये त्याची रचना जगापुढे आली. त्याचाच भाऊ होमोब्रासिनोलाइड आज कृषी सेवा केंद्राच्या फळीवर बाटलीत मिळतो. लेबल वाचा, त्यावर ०.०४ टक्के असं लिहिलेलं दिसेल. मुंबईत गोदरेजच्या संशोधकांनी गहू, भात, भुईमूग, मोहरी, बटाटा आणि कापूस या सहा पिकांवर त्याच्या चाचण्या घेतल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले. इतक्या कमी मात्रेत काम करणारी वस्तू अंदाजपंचे जास्त ओतून उपयोग नाही. लेबलवर असेल तेवढंच, लेबलवर असेल त्याच पिकाला.

प्राण्यांत स्टेरॉइडला दोन वाटा असतात, आतली आणि उंबऱ्यावरची. झाडांनी मात्र या संप्रेरकाचा ग्राही उंबऱ्यावरच बसवला आहे. तो ग्राही बाहेर तोंड काढून बसतो, ब्रासिनोलाइड पकडतो, आणि काही मिनिटांत पेशीच्या भिंतीजवळ आम्लता वाढून भिंत सैल पडू लागते. पेशी लांबते. जनुकांपर्यंत निरोप पोचतो, पण तोही याच दारातून, हातोहात.

या ग्राहीचा शोध लागला तो एका खुरट्या रोपामुळे. मोहरीच्याच कुळातली ॲरॅबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती प्रयोगशाळांची लाडकी. तिच्यातली काही रोपं गडद हिरवी, आखडलेल्या पानांची, कोबीच्या बाळगड्ड्यासारखी जमिनीला चिकटून राहायची. त्यांच्या अंगात ब्रासिनोस्टेरॉइड भरपूर होतं. वरून आणखी घातलं तरी ती वाढायला तयार नव्हती. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत जियानमिंग ली आणि जोआन कोरी यांनी बिघडलेलं जनुक शोधून काढलं. ते त्या दारावरच्या ग्राहीचं होतं. संप्रेरक बाहेर उभं राहून हाका मारत होतं, आणि दारात ऐकणारं कुणी नव्हतं.